दोन सेकंद थांबवलं की चालतं!

सुरुवातीलाच सांगून टाकते, आजचं लिखाण भांडखोर आहे. आमच्या धंद्यातल्या, म्हणजे वेब ऍप्स बनवणाऱ्या मंडळींच्या एका सवयीबद्दल आहे, आणि ती सवय माझ्या फार डोक्यात जाते. सवय अशी: प्रोग्रॅम चुकला की तो बिचारा स्वतःहून सांगतो, ‘अमुक फाइलमध्ये, तमुक ओळीवर, हे हे सापडत नाहीये.’ आम्ही ते नीट वाचत नाही. त्याचं तोंड कसं बंद करता येईल ते बघतो. तोंड बंद झालं की ‘फिक्स केलं’ म्हणून मोकळे!

ह्याला लोक आळस म्हणतात. मी खोटेपणा म्हणते. आळसाची किंमत निदान आळशी माणूस थोडीफार देतो. ह्याची किंमत मात्र स्क्रीनसमोर बसून फॉर्म भरणारा कोणीतरी तिऱ्हाईत देतो, आणि वर त्यालाच वाटत राहतं की चूक आपली आहे.

इथे घरची मंडळीही वाचायला येतात, म्हणून आधी थोडी ओळख. कॉम्प्युटरवर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये कुठलीही वेबसाईट उघडा आणि एफ-१२ दाबा. बाजूला किंवा खाली एक खिडकी उघडेल, तिच्यात ‘कन्सोल’ नावाचा कप्पा असतो. पेजच्या आत काय चाललंय ते तिथे लिहून येतं. साध्या सूचना साध्या अक्षरात, इशारे पिवळ्या पट्टीत, चुका लाल. घाबरू नका, नुसतं बघितल्याने काही बिघडत नाही. (तिथे कोणाच्या सांगण्यावरून काही चिकटवू मात्र नका, तो फसवणुकीचा जुना प्रकार आहे.)

ही सोय काही पहिल्यापासून नव्हती. जावास्क्रिप्ट ब्रेंडन आइकने नेटस्केपमध्ये १९९५ साली दहा दिवसांत उभी केली. त्यानंतर बरीच वर्षं चूक शोधायची म्हणजे इंटरनेट एक्स्प्लोररच्या कोपऱ्यातला पिवळा त्रिकोण बघायचा, त्यावर क्लिक करून ‘ऑब्जेक्ट एक्स्पेक्टेड’ असलं मोघम वाक्य वाचायचं, आणि मग कोडमध्ये ठिकठिकाणी अलर्ट पेरत बसायचं. २००६ मध्ये फायरफॉक्ससाठी ‘फायरबग’ आलं तेव्हा आमच्यातल्या कित्येकांना अंधाऱ्या खोलीत दिवा लागल्यासारखं झालं. पुढे ब्राउझरांनी हीच हत्यारं स्वतःच्या पोटात घेतली आणि २०१७ मध्ये फायरबग थांबलं. आज प्रत्येक मोठ्या ब्राउझरमध्ये हे सगळं फुकट आहे. म्हणजे ‘आम्हाला दिसत नव्हतं’ ही सबब आता उरलेली नाही.

आता एक रोजचं उदाहरण घेऊ. ऑनलाइन फॉर्म. आधी जिल्हा निवडायचा, मग तालुका, मग गाव. जिल्हा निवडला की सर्व्हरकडे विचारणा जाते, तिकडून तालुक्यांची नावं येतात आणि मग तालुक्याची यादी तयार होते. पेज उघडलं तेव्हा ती यादी तिथे नव्हतीच, ती मागाहून आली. अशा मागाहून येणाऱ्या, बदलणाऱ्या, नाहीशा होणाऱ्या गोष्टींना आमच्यात डायनॅमिक एलिमेंट म्हणतात. जुन्या काळचं पेज म्हणजे छापील पत्रिका होती, एकदा छापली की छापली. हल्लीचं पेज म्हणजे पंगत. ताटं मांडणं चालू आहे, कोणी बसतंय, कोणी उठतंय, वाढपी फिरतायत.

वाढपी भात घेऊन आला आणि ताट अजून मांडलेलंच नाही, तर? कन्सोलमध्ये लाल अक्षरात येतं, ‘कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल’. मराठीत सांगायचं तर, ‘ज्या ताटात वाढायला सांगितलंत ते ताटच इथे नाही हो.’ शेजारी फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर. इतका सरळ साक्षीदार कोर्टातसुद्धा मिळत नाही.

आणि त्या ओळीवर ते काम थांबतं, हे महत्त्वाचं. ‘सबमिट’ दाबल्यावर करायच्या दहा गोष्टींपैकी तिसरीला ही चूक झाली तर उरलेल्या सात होतच नाहीत. फॉर्म भरणाऱ्याला काय दिसतं? काहीच नाही. बटण दाबलं, बटण आत गेलं, बाहेर आलं, संपलं. आमच्या एका काकांनी असाच एक फॉर्म (कुठला ते सांगत नाही) पहिल्यापासून शेवटपर्यंत तीनदा भरला. शेवटची तारीख दोन दिवसांवर आलेली. मला म्हणाले, ‘अगं, मला हे आता जमत नाही बहुतेक. वय झालं.’ त्यांच्याच लॅपटॉपवर एफ-१२ दाबून बघितलं तर तीच लाल ओळ. जिल्हा बदलल्यावर तालुक्याची यादी नवी तयार होत होती आणि कोड जुनी शोधत होता. काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे असोत नाहीतर अठरा, ते बटण चालणारच नव्हतं.

आता ही ओळ दिसल्यावर आमची मंडळी काय करतात ते बघा. तीन घरगुती उपाय आहेत.

पहिला, बोळा कोंबणे. कोडभोवती ‘ट्राय-कॅच’ लावायचं आणि ‘कॅच’च्या पोटात काहीच लिहायचं नाही. चूक झाली तर पकड आणि गिळून टाक. लाल ओळ गायब. बटण अजूनही मेलेलंच आहे, फक्त आता ते का मेलं ते कोणालाच कळणार नाही.

दुसरा, प्रश्नचिन्ह शिंपडणे. २०२० च्या जावास्क्रिप्टमध्ये एक छान सोय आली: प्रश्नचिन्ह आणि टिंब लिहिलं की ‘ही वस्तू असेल तर पुढे जा, नसेल तर सोडून दे’. जिथे वस्तू नसणं साहजिक आहे तिथे हे उत्तम. पण तालुका हा फॉर्मचा आवश्यक भाग आहे! तो नसेल तर सोडून कसं देणार? लाल ओळ एआयला चिकटवली की तोही पुष्कळदा हीच प्रश्नचिन्हं आणून देतो, आणि आम्ही धन्यवाद म्हणून घेतो.

तिसरा उपाय सगळ्यात लोकप्रिय. ‘सेटटाइमआउट’ लावा, दोन सेकंद थांबा, तोवर यादी येतेच. हापिसातल्या नेटवर येतेही. पण दोन सेकंद हा आकडा आला कुठून? एकाने लावून बघितलं आणि चाललं, बस. ज्या गावात मोबाईलची एकच दांडी येते आणि जुना फोन धापा टाकत असतो तिथे यादीला सहा सेकंद लागतात. म्हणजे ज्याचं नेट चांगलं त्याचा फॉर्म जाणार, ज्याचं वाईट त्याचा नाही. हा न्याय कोणी ठरवला? कोणीच नाही, दोन सेकंदांनी ठरवला.

खरं उत्तर अवघड नाही. तालुक्यांची नावं आली हे सर्व्हरचं उत्तर आल्यावर कळतंच, पुढचं काम तिथून सुरू करा. नुसतं पेज तयार व्हायची वाट बघायची असेल तर ब्राउझर तशी वर्दी देतो, तिला ‘डीओएम कंटेंट लोडेड’ म्हणतात. दुसऱ्याच कोणाचा कोड पेजमध्ये भर घालत असेल तर ‘म्युटेशन ऑब्झर्व्हर’ हा पहारेकरी आहे. आणि वस्तू सारख्या बदलणार असतील तर घंटा प्रत्येक वस्तूला बांधू नका, ज्या चौकटीत त्या येतात त्या चौकटीला बांधा. जेक्वेरीवाल्यांना हे २००९ पासून ‘लाइव्ह’ म्हणून आणि २०११ पासून ‘ऑन’ म्हणून हाताशी होतं. त्याच जेक्वेरीचा एक गुण मात्र मला कधीच आवडला नाही. ‘तालुक्याची यादी शोध आणि तिला घंटा बांध’ असं सांगितलं आणि यादी सापडली नाही, तर ती तक्रारच करत नाही. शून्य याद्यांना घंटा बांधून समाधानाने परत येते.

कन्सोलही कधीकधी फसवतो, हे मान्य. एखादी यादी छापायला सांगितली आणि नंतर उलगडून बघितली, तर आत जे दिसतं ते उलगडल्या क्षणीचं असतं, छापलं त्या क्षणीचं नव्हे. म्हणजे कोड चालला तेव्हा यादी रिकामी होती आणि आपल्याला ती भरलेली दिसते. इंटरनेट एक्स्प्लोरर ८ आणि ९ ची तर कमालच होती. तिथे डेव्हलपर टूल्स उघडल्याशिवाय ‘कन्सोल’ ही वस्तूच अस्तित्वात नसायची. कोणी चुकून एक ‘कन्सोल डॉट लॉग’ कोडमध्ये ठेवला की लोकांकडे पेज बंद पडायचं, आणि आपण तपासायला टूल्स उघडली की चालू व्हायचं! अशा वेळी ‘माझ्याकडे तर चालतंय’ म्हणणारा खोटं बोलत नसतो, पण त्याच्या बोलण्याला काडीचा अर्थ नसतो.

आता कोणी म्हणेल, एवढं काय त्यात, फॉर्मच आहे ना? त्यांच्यासाठी थेरॅक-२५ ची हकीकत. हे कॅन्सरवर किरणोपचार करणारं यंत्र, कॅनडाच्या एईसीएलचं. १९८५ ते १९८७ ह्या काळात त्याने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले. १९८६ च्या मार्चमध्ये टेक्ससमधल्या टायलर गावी ऑपरेटरने उपचाराचा प्रकार चुकीचा टाईप केला आणि लगेच मागे जाऊन दुरुस्त केला. यंत्राची चुंबकं जागेवर यायला सुमारे आठ सेकंद लागत. तिची दुरुस्ती त्या आठ सेकंदांच्या आत झाली आणि प्रोग्रॅमला ती कळलीच नाही. पडद्यावर आलं ‘मालफंक्शन ५४’. असले अनाकलनीय संदेश त्या यंत्रावर रोजच यायचे, आणि एक कळ दाबली की पुढे जाता यायचं. तिने ती दाबली. रुग्णाला पुन्हा मारा बसला. कंपनीच्या इंजिनियरांना बिघाड पुन्हा घडवून दाखवता आला नाही, यंत्र पुन्हा सुरू झालं, आणि एप्रिलमध्ये तिथेच दुसरा अपघात झाला. दोन्ही रुग्ण दगावले. कोडं सुटलं ते रुग्णालयाचे भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर आणि ती ऑपरेटर पुन्हा यंत्रासमोर बसले, पुन्हापुन्हा त्याच कळा दाबत राहिले आणि तो संदेश हवा तेव्हा आणता यायला लागला तेव्हा.

किरणांचं यंत्र आणि तालुक्याची यादी एक नव्हे, कबूल. पण चूक एकाच जातीची आहे: दोन गोष्टी एकाच वेळी चालू आहेत आणि कोणती आधी संपेल हे गृहीत धरलेलं आहे. आणि सवयही एकाच जातीची आहे: संदेश रोजचाच आहे, पुढे चला.

ह्यावर येणारे आक्षेप मला पाठ आहेत. ‘कन्सोलमधलं अर्धं लाल आपलं नसतंच.’ खरं आहे. ब्राउझरमध्ये घातलेली एक्स्टेन्शन्स बडबडतात, अडवलेल्या जाहिराती रडतात, न सापडलेलं एखादं चिन्ह कुरकुरतं. म्हणून तर निवडायचं! तांदळात खडे आहेत म्हणून कोणी डोळे मिटून भात लावत नाही. ‘डेडलाइन असते.’ असते. पण गिळलेली चूक पुढच्या डेडलाइनच्या आदल्या रात्रीच बाहेर येते, आणि तेव्हा तिच्याजवळ ओळीचा नंबर नसतो. ‘रिकामा कॅच कधीच चालत नाही का?’ चालतो. मागच्या वेळचा रंग आठवत नसेल तर नेहमीचा दाखवा, त्यासाठी लाल ओळ नको. पण तिथे ‘ही चूक मुद्दाम सोडली आहे, कारण हे’ अशी एक ओळ लिहायला काय जातं?

‘लोकांना कन्सोल कुठे दिसतो?’ हा शेवटचा आक्षेप. मला सगळ्यात जास्त राग ह्याचाच येतो, कारण तो खरा आहे. लोकांना दिसत नाही, म्हणूनच आम्ही बघायचं असतं. ब्रिटनच्या पोस्टात होरायझन नावाची हिशोबाची प्रणाली होती. १९९९ पासून तिच्या आकड्यांवर भरवसा ठेवून ९०० हून अधिक पोस्टचालकांना गुन्हेगार ठरवलं गेलं; २०२४ मध्ये कायदा करून त्या शिक्षा पुसाव्या लागल्या. तिच्यातला एक दोष स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टनच्या शाखेच्या नावाने ओळखला जातो. रोकड मिळाल्याची नोंद करताना पडदा गोठायचा. माणूस पुन्हा एंटर दाबायचा, आणि प्रत्येक वेळी आत गुपचूप आणखी एक नोंद पडायची. त्या शाखेत २४,००० पौंडांचा फरक दिसला, आणि तो चालकाकडूनच भरून घ्यायचा प्रयत्न झाला.

गप्प पडणारा प्रोग्रॅम असा दोष दुसऱ्यावर ढकलतो. आपल्याकडे त्याची सौम्य भाषा ठरलेली आहे: ‘तुमचं नेट स्लो असेल’, ‘कॅशे साफ करून बघा’, ‘दुसऱ्या ब्राउझरमध्ये ट्राय करा’.

म्हणून धंद्यातल्या मित्रमैत्रिणींनो, मागणं फार नाही. सगळ्यात वरची, म्हणजे पहिली लाल ओळ आधी वाचा. खालच्या पुष्कळदा तिचीच पिल्लं असतात. टूल्समध्येच नेट मुद्दाम संथ करायची सोय आहे, ते करून आपला फॉर्म एकदा स्वतः भरा. चूक पुन्हा घडवता येत नाही तोवर ‘फिक्स केलं’ म्हणू नका. ज्या चुका लोकांच्या फोनवर होतात त्या आपल्यापर्यंत येतील अशी व्यवस्था करा. आणि काही बिनसलं तर बटणाखाली मराठीत एक वाक्य येऊ द्या: ‘तालुक्यांची यादी आली नाही. चूक आमच्याकडची आहे, तुमची माहिती जपून ठेवली आहे, पुन्हा प्रयत्न करा.’ (आणि खरंच जपून ठेवा.)

हे वाक्य लिहायला दोन मिनिटं लागतात. ते लिहिलं नाही, तर त्याच्या जागी ‘मला जमत नाही बहुतेक’ हे वाक्य पलीकडे कोणीतरी स्वतःच्या मनात लिहून घेतं, आणि ते कुठल्याच कन्सोलमध्ये दिसत नाही.