सोळा रकान्यांचा ताल



ज्या घरात एखादे मूल गाणे शिकते, तेथील अडचण परिचयाची आहे. गुरुजी आठवड्यातून एक-दोन वेळा येतात, तबल्याची साथ त्याहून दुर्मीळ. उरलेले दिवस मुलाला एकट्यानेच रियाज करावा लागतो. तयार ठेके वाजविणाऱ्या पेट्या आपण पाहिल्या आहेत. आता संगणकावर ‘ड्रम मशीन’ या प्रकारचे सॉफ्टवेअर मिळते आणि त्यात ठेका आपल्याला स्वतः लिहिता येतो. पडद्यावर सोळा रकान्यांच्या ओळी असतात, प्रत्येक ओळ एका वाद्याची. रकाना भरला की आघात उमटतो, रिकामा ठेवला की शांतता. रोजमेळ लिहिणाऱ्या घराला ही मांडणी परकी वाटणार नाही. परंतु रकाने भरता येणे आणि ताल साधणे यांत अंतर आहे. निर्जीव किंवा चुकीच्या ठेक्यावर रोज तासभर गाणाऱ्या मुलाच्या कानाला तीच सवय लागते आणि ती सहजी सुटत नाही. म्हणून हे लेखन थोडे समजून करावे.

हे सोळा रकाने आले कोठून? १९८० साली जपानच्या रोलँड कंपनीने टीआर-८०८ हे तालयंत्र बाजारात आणले. त्याच्या दर्शनी भागावर सोळा बटणांची रांग होती आणि प्रत्येक बटण म्हणजे तालाचा एक सूक्ष्म भाग. त्याच वर्षी अमेरिकेतील रॉजर लिन यांचे एलएम-१ हे यंत्र आले. त्यात प्रत्यक्ष वाद्यांचे ध्वनिमुद्रित आघात होते. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये या दोन्ही यंत्रांचा वारसा दिसतो. आपल्या संगीताशीही या यंत्राचा संबंध लवकर आला. १९८२ साली मुंबईतील वादक चरणजीत सिंग यांनी टीआर-८०८ च्या साथीने ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही रागांवर आधारलेली ध्वनिमुद्रिका केली. तथापि सोळाची ही विभागणी मुळात पाश्चात्त्य संगीतातील चार ठोक्यांसाठी आहे, प्रत्येक ठोक्याचे चार भाग. आपला ताल तिच्यात बसतो की नाही, हे आधी पाहावे लागते.

पहिली गोष्ट म्हणून मात्रांचा हिशेब करावा. एका मात्रेला दोन रकाने धरले तर आठ मात्रांचा केरवा सोळा रकान्यांत नेमका बसतो. सहा मात्रांच्या दादऱ्याला बारा रकाने पुरतात आणि सात मात्रांच्या रूपकाला चौदा. दादरा लिहून लांबी सोळाच राहू दिली तर शेवटी चार रकाने उगाच उरतात. गाणारा समेवर येतो आणि यंत्र दोन मात्रा मागे राहते. पुढच्या आवर्तनात हा फरक चार मात्रांचा होतो. यासाठी ओळीची लांबी बदलता येईल असेच सॉफ्टवेअर निवडावे. ‘हायड्रोजन’ नावाचे विनामूल्य सॉफ्टवेअर तशी सोय देते, शिवाय आपण ध्वनिमुद्रित केलेले बोलही त्यात घालता येतात. परिचयाच्या तबलावादकांच्या अनुमतीने त्यांचे मोजके बोल ध्वनिमुद्रित करून घेतले तर उत्तमच. दायाचा स्वर मात्र गाणाऱ्याच्या षड्जाशी जुळलेला असावा.

दुसरी गोष्ट, रिकाम्या रकान्यांचे मोल ओळखावे. केरव्याचा प्रचलित ठेका ‘धा गे ना ती, ना क धी ना’ असा आहे. तो लिहिताना दायाची ओळ १, ५, ७, ९, १३ आणि १५ या रकान्यांत भरावी. खुल्या डग्ग्याची ओळ १, ३ आणि १३ येथे, तर बंद ‘क’ ११ व्या रकान्यात. आता डग्ग्याच्या ओळीकडे पाहावे. तिसऱ्या मात्रेपासून सहाव्या मात्रेपर्यंत खुला डग्गा कोठेही नाही. पाचव्या मात्रेवरील खाली कानाला कळते ती या अभावामुळेच. नवशिक्या मुलांना तेथे रिकामी जागा पाहून काहीतरी भरावेसे वाटते. ती जागा भरली की खाली नाहीशी होते आणि गाणाऱ्याला आपण आवर्तनात कोठे आहोत हे उमगत नाही.

तिसरी गोष्ट जोराची. यंत्र प्रत्येक आघात सारख्याच बळाने वाजवते. माणसाचा हात तसे कधीच करीत नाही. संगीतयंत्रांसाठी १९८३ पासून प्रचलित झालेल्या मिडी या संकेतपद्धतीत हा जोर १ ते १२७ अशा अंकांत लिहितात. काही सॉफ्टवेअरमध्ये तो प्रत्येक रकान्याखालील उभ्या रेषेच्या उंचीने दाखवतात. समेचा आघात ११० च्या आसपास ठेवावा, इतर मुख्य बोल ८० ते ९० आणि भरीचे हलके बोल ४० ते ५५. एवढ्यानेच ठेक्यात श्वास येतो. हे अंक म्हणजे नियम नव्हेत. सुरुवात येथून करावी आणि पुढे कानाने ठरवावे.

चौथी गोष्ट म्हणजे हेलकावा, ज्याला ‘स्विंग’ म्हणतात. रॉजर लिन यांनी आपल्या यंत्रात ही सोय दिली. दोन-दोन रकान्यांच्या जोडीतील दुसरा रकाना किंचित उशिरा वाजवायचा, एवढेच तिचे तत्त्व. पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये ५० हा अंक म्हणजे दोन्ही भाग समान, आणि ६६ म्हणजे पहिला भाग दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. मिनिटाला ८० ठोके ही गती असताना ५४ वर दुसरा रकाना केवळ १५ मिलिसेकंद उशिरा येतो, तरीही कानाला फरक कळतो. वर लिहिलेल्या केरव्याचे सर्व बोल विषम रकान्यांत असल्याने ते जागचे हलत नाहीत. मंजिरीची एक हलकी ओळ सोळाही रकान्यांत घालावी, म्हणजे हेलकावा तिच्यात ऐकू येईल. ५४ ते ५८ च्या पुढे सहसा जाऊ नये.

पाचवी गोष्ट लयीची, कारण येथे हिशेब हमखास फसतो. सॉफ्टवेअरचा एक ठोका चार रकान्यांचा असतो, म्हणजे आपल्या दोन मात्रांचा. पडद्यावर ८० हा अंक दिसत असेल तर प्रत्यक्षात मिनिटाला १६० मात्रा चालल्या आहेत आणि केरव्याचे आवर्तन तीन सेकंदांत पुरे होते. मुलाला मिनिटाला ८० मात्रांची लय हवी असेल तर तेथे ४० लिहावे.

इतके झाल्यावर ठेका गाऊनच तपासावा. आवडते गीत त्यावर गाऊन पाहावे. शब्द ओढले जात असतील तर लय कमी करावी, शब्द झाकले जात असतील तर एखादी ओळ काढून टाकावी. तबलजी गाणाऱ्याकडे पाहून किंचित थांबतात, डग्ग्यावर मनगट घासून मींड घेतात, जागा पाहून तिहाई देतात. यंत्र गाणाऱ्याचे ऐकत नाही. यासाठी प्रत्यक्ष साथीचा दिवस कधी चुकवू नये; यंत्र मधल्या दिवसांसाठी.

शेवटी पालकांसाठी एक उपयुक्त युक्ती. ठेक्याची तीन आवर्तने लिहून झाल्यावर चौथे आवर्तन संपूर्ण रिकामे ठेवावे आणि ही चार आवर्तने फिरती ठेवावीत. ठेका थांबला तरी मुलाने हाताने ताल धरून गातच राहावे आणि ठेका पुन्हा सुरू होताच आपण समेवर आहोत का, हे स्वतःच पाहावे. प्रारंभी ते पुढे धावेल किंवा मागे रेंगाळेल. काही दिवसांनी नेमके समेवर येऊ लागले, की रिकामी आवर्तने दोन करावीत. अशा रियाजाने ताल यंत्रातून मुलाच्या अंगी उतरतो, आणि पुढे कोणाचीही साथ नसताना ते निर्धास्तपणे गाऊ शकते.