आजोबांची तंबाखू आणि नातवाचा देह

भोसरी गांवांत किंवा तेथील औद्योगिक वसाहतीच्या फाटकाशीं तंबाखूचा विषय निघाला, कीं एक उत्तर ठरलेलें असतें: ‘आमचे आजोबा नव्वदीपर्यंत तंबाखू मळीत होते, त्यांना काय झालें?’ असे आजोबा गांवोगांव होऊन गेले, हें खरें आहे. परंतु त्यावरून जो निष्कर्ष काढण्यांत येतो, तो निदान शेतकऱ्यास तरी शोभत नाहीं. एकाच शिवारांत एक वाण तांबेऱ्यास बळी पडतो व शेजारचा तगतो, हें तो दरसाल पाहतो; म्हणून तांबेरा निरुपद्रवी आहे असें तो कधीं म्हणत नाहीं.

माणसांतही वाणावाणाचा भेद आहे, हें शास्त्रज्ञ मान्य करतात. तंबाखू सुकवितांना व मुरवितांना तींत नायट्रोसामीन जातीचीं द्रव्यें तयार होतात. तीच तंबाखू तव्यावर भाजून मिश्री केली, म्हणजे धुरांतल्यासारखें बेंझोपायरीनही तींत येतें. या मिश्रीस आमच्या घरांत अद्याप दंतमंजनाचा मान आहे, आणि तो बहुधा स्त्रियांच्याच वांट्यास येतो! हीं द्रव्यें आहेत त्याच रूपांत पेशींस फारशी इजा करीत नाहींत. देह त्यांना पाण्यांत विरघळण्याजोगीं करून बाहेर टाकूं पाहतो. हें काम विकरांचें, म्हणजे पेशींतील घडामोडी चालविणाऱ्या प्रथिनांचें. पहिल्या टप्प्याचीं विकरें त्या द्रव्यांचें रूप पालटतात, आणि नेमकीं या पालटलेल्या रूपांतच तीं पेशींच्या आनुवंशिक द्रव्यास चिकटून कर्करोगाचें बीज पेरतात. दुसऱ्या टप्प्याचीं विकरें त्यांतील पुष्कळांस वेळींच गांठून निर्विष करतात. सारांश, देहाचा एक हात विष जागें करतो व दुसरा तें मारतो. पहिला हात चलाख आणि दुसरा लुळा, असा देह ज्याच्या वांट्यास आला त्याचें नुकसान अधिक.

हा दुसरा हात कित्येकांस जन्मतःच अपुरा असतो. जीएसटीएम-1 नांवाचें जनुक ज्यांना आईकडूनही मिळालें नाहीं व बापाकडूनही नाहीं, अशीं माणसें युरोपांत जवळजवळ निम्मीं आहेत. आपल्याकडे प्रमाण कमी असलें, तरी तीं थोडीं नव्हेत. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं 2002 सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, मुखाच्या कर्करोगाच्या रुग्णांत अशा माणसांचें प्रमाण निरोगी माणसांपेक्षां अधिक आढळलें.

मग आजोबांच्या ठायीं दोन्ही हात उत्तम असतील, असें समजूं. नातवास त्याचा लाभ किती? जमिनीचे वारस सात-बारावर लागतात. देहाचा उतारा कोणत्याही तलाठ्याकडे मिळत नाहीं. आजोबांच्या वारशापैकीं सुमारें चौथाई नातवाकडे येते, आणि ती चौथाई कोणती, हें त्याला निवडतां येत नाहीं. बाकीचें आजीकडून व आईच्या माहेरून येतें. शिवाय पन्नाशींतच गेलेले आजोबा पारावर साक्ष द्यावयास येत नाहींत, हेंही ध्यानांत ठेवावें. नातू तर तंबाखूबरोबर सुपारीही चघळतो. महाराष्ट्रांत 2012 पासून गुटख्यास बंदी आहे खरी. पण सुपारी व तंबाखू निरनिराळ्या पुड्यांत घेऊन तोंडांत एकत्र करण्यास कोण अडविणार?

वारशाचा हा मुद्दा मोठमोठ्यांसही भुरळ पाडून गेला आहे. ज्यांच्या पद्धतीनें आज कृषिमहाविद्यालयांत पिकांच्या चांचण्या घेतात, त्या रोथॅमस्टेडच्या रोनाल्ड फिशर यांनीं 1957-58 च्या सुमारास असें मांडलें, कीं धूम्रपानाची ओढ व फुप्फुसाचा कर्करोग हीं दोन्ही एकाच वारशाचीं फळें असूं शकतील. ते स्वतः चिलीम ओढीत व तंबाखू-कारखानदारांचे सल्लागार होते. पुढें फिनलंडांत जुळ्या भावंडांचा अभ्यास झाला. एकरूप जुळ्यांचा वारसा एकच. तरीही त्यांपैकीं धूम्रपान करणाराच अधिक प्रमाणांत आधीं मरण पावतो, असें दिसून आलें.

जनुकांची तपासणी करून मगच तंबाखूचें ठरवावें, असें कोणी सुचवील. आमच्या मतें तो खर्च व्यर्थ आहे. या कामीं अनेक जनुकें गुंतलेलीं असून एकेकाचा प्रभाव अल्प असतो. तंबाखूचा प्रभाव त्याहून पुष्कळ मोठा. त्यापेक्षां आरशासमोर तोंड उघडून पाहण्यास कांहींच पडत नाहीं. गालाच्या आंत पांढरा वा लाल चट्टा दिसला, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असली किंवा तोंड पूर्वींइतकें उघडेनासें झालें, तर दवाखाना गांठावा. पिंपरीचें यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालय भोसरीहून लांब नाहीं. जातांना घरांतल्या मिश्री लावणाऱ्या बाईमाणसांसही बरोबर न्यावें.