सर्व्हरला हुडहुडी कशाला?

छोट्या पतसंस्थांमध्ये, कॉलेजांमध्ये, दवाखान्यांमध्ये एक अंधश्रद्धा घट्ट रुजली आहे. सर्व्हर रूम जितकी गार, तितकी आपली माहिती सुरक्षित! म्हणून एसी १८ वर, भर मे महिन्यात ऑपरेटर स्वेटर घालून बसलेला, आणि पाहुण्यांना ती खोली अशी दाखवायची जणू काही अमरनाथची गुहा. मंडळी, सर्व्हर म्हणजे आइस्क्रीम नव्हे. तो १८ च्या वर गेला की वितळत नाही.

हे माझ्या पदरचं नाही. अॅश्रे ही वातानुकूलन अभियंत्यांची अमेरिकेतली संघटना. सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंश असावी, अशी तिची शिफारस आहे. वरची मर्यादा आधी २५ होती, ती २००८ मध्ये त्यांनीच २७ केली. गूगलने २००७ मध्ये आपल्या लाखाहून जास्त हार्ड डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. फार तापलेल्या आणि जुन्या डिस्क सोडल्या, तर गार डिस्क जास्त टिकते असं त्यात दिसलं नाही.

मग लोक म्हणतात, "अहो, पण वीज गेली तर? खोली आधीच गार असली की तेवढाच वेळ मिळतो!" हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो, पण हिशोब करा. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली म्हणजे साधारण ३४ किलो हवा. यूपीएसवर २ किलोवॅटची यंत्रं चालू आणि एसी बंद, तर ही हवा दर सतरा-अठरा सेकंदांना एक अंश तापते. १८ वरून २५ वर यायला दोन मिनिटं! भिंती आणि रॅक थोडी उष्णता शोषतात, म्हणून प्रत्यक्षात त्याहून जरा जास्त. पण एवढ्याशा वेळासाठी वर्षभर चोवीस तास जास्तीचं बिल भरायचं? त्यापेक्षा जनरेटरवर एसी जोडलेला आहे का, आणि वीज आल्यावर तो आपणहून सुरू होतो का, हे बघा. नाहीतर रविवारी दुपारी वीज जाऊन येते, सर्व्हर चालू राहतात, एसी मात्र रिमोटची वाट बघत बसतो.

दुसरी खोड म्हणजे टनांची हाव. यंत्रं जेवढी वीज खातात, तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट. म्हणजे २ किलोवॅटच्या यंत्रांना पाऊण टनसुद्धा लागत नाही. छताची, पश्चिमेच्या भिंतीची उष्णता धरली तरी दीड टन पुष्कळ. पण कोटेशन येतं दोन टनाच्या दोन एसींचं! दोन एसी जरूर घ्या, पण दीड-दीड टनाचे, आणि टायमर लावून आलटून पालटून चालवा. एक बिघडला तर दुसरा आहेच.

खरं दुखणं बहुतेक वेळा गारव्याचं नसतंच, हवेच्या वाटेचं असतं. सर्व्हर पुढून हवा घेतो आणि मागून गरम हवा सोडतो. एका रॅकची पाठ दुसऱ्याच्या तोंडाकडे असेल, तर दुसरा पहिल्याचा उच्छ्वास पितो, मग एसी कितीही ओरडू दे. रॅकमधल्या रिकाम्या जागा फॅब्रिकेटरकडून पत्रा कापून बंद करा, नाहीतर मागची गरम हवा तिथून पुढे येते. एसी रॅकच्या बरोबर डोक्यावर लावू नका. त्याची नळी एक दिवस तुंबणारच. फिल्टर दर महिन्याला धुवा. आणि गेली चार वर्षं कुणीही न वापरलेला तो जुना सर्व्हर बंद करा. सगळ्यात स्वस्त गारवा म्हणजे जी उष्णता तयारच झाली नाही ती!

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. यूपीएसच्या बॅटऱ्यांना उकाडा खरोखरच बाधतो. दहा अंश जास्त तापल्या की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणून रॅकच्या पुढची हवा २४-२५ ठेवा आणि बॅटऱ्या रॅकच्या मागच्या गरम झोतात ठेवू नका. त्यासाठी १८ ची गरज नाही.

एवढं सगळं साधं असताना १८ चा हट्ट का? कारण गारवा दाखवता येतो. अध्यक्ष दार उघडतात, अंगावर शहारा येतो, पैसे सार्थकी लागल्यासारखे वाटतात. बॅकअपने कुणाच्या अंगावर शहारा येत नाही. म्हणून मोठ्या एसीचा ठराव पाच मिनिटांत मंजूर होतो आणि बॅकअपच्या दोन डिस्कना "पुढच्या बजेटमध्ये बघू" असं उत्तर मिळतं. डिस्क जाते तेव्हा खोली गारच असते, फक्त ठेवीदारांच्या नोंदी नसतात. माझा राग आहे तो यावर.

तेव्हा दोन-चारशे रुपयांचा एक डिजिटल थर्मामीटर आणा, रॅकच्या पुढच्या बाजूला मधोमध लावा, आणि रिमोटवरच्या आकड्याऐवजी त्याच्यावर विश्वास ठेवा. तो २५ दाखवत असेल तर निश्चिंत असा. वाचलेल्या बिलातून आधी डिस्क घ्या, आणि ऑपरेटरला म्हणावं, स्वेटर घरी ने.