शुश्रूषा करणाऱ्याची कंबर

काही महिन्यांपूर्वी अडुसष्ट वर्षांच्या एक बाई तपासणीसाठी आल्या. यजमानांना पक्षाघात होऊन दीड वर्ष झाले होते. उजवी बाजू लुळी पडलेली. मुलगा नोकरीनिमित्त परगावी. यजमानांना सकाळी पलंगावरून खुर्चीत बसवणे, दुपारी पुन्हा निजवणे, रात्री दोनदा कुशीवर वळवणे, हे सारे त्या एकट्याच करीत. एके दिवशी त्यांना उशीकडे वर ओढताना बाईंच्या कंबरेत उसण भरली आणि त्या तिथेच पलंगाच्या काठाला धरून बसल्या. चार दिवस शेजारणीने दोघांचे केले. माझ्यासमोर बसल्यावर त्या स्वतःविषयी एकच वाक्य बोलल्या : "डॉक्टर, माझं काय व्हायचं ते होवो, पण मी आडवी झाले तर यांना कोण उठवणार?"

या प्रश्नात घरोघरच्या शुश्रूषेचे मर्म आहे. रुग्णाच्या औषधांची वेळ काटेकोर पाळली जाते. परंतु त्याला सांभाळणाऱ्याच्या पाठीची चौकशी ती दुखू लागेपर्यंत कोणी करीत नाही. म्हणून या वेळी रुग्णाची नव्हे, तर त्याला उचलणाऱ्याची काळजी कशी घ्यावी, ते पाहू.

कंबरेवर भार कसा येतो?

कंबरेच्या भागात पाच मणके असतात. दोन मणक्यांमध्ये एक चकती असते. तिलाच आपण बोलण्यात 'गादी' म्हणतो. चकतीच्या मध्यभागी पाणीदार, मऊ गर असतो आणि त्याभोवती चिवट तंतूंची वलये असतात. खालच्या दोन चकत्यांवर सर्वाधिक ताण येतो आणि त्यांचेच विकार अधिक आढळतात.

आपण वाकून ओझे उचलतो तेव्हा कणा तरफेसारखे काम करतो. समजा, दहा किलोचे ओझे कण्यापासून ४० सेंटीमीटर दूर धरले आहे. त्याला तोलून धरणारे पाठीचे स्नायू मात्र कण्यापासून जेमतेम पाच सेंटीमीटरवर असतात. म्हणजे त्या दहा किलोंसाठी स्नायूंना सुमारे ८० किलोंचा जोर लावावा लागतो. वाकलेल्या धडाचे वजन त्यात आणखी मिळते. तेच ओझे २० सेंटीमीटरवर, म्हणजे पोटाशी धरले, तर हा जोर ४० किलोंवर येतो. ओझे तेच, अंतर निम्मे, म्हणून श्रमही निम्मे. या लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही : ओझे अंगाजवळ घ्यावे.

दुसरी गोष्ट पिळाची. ओझे हातात असताना पाय जागीच ठेवून कंबर वळवली, की वलयांच्या तंतूंवर तिरपा ताण येतो. वळायचे असल्यास पावले टाकून सबंध शरीर वळवावे.

तिसरी गोष्ट वेळेची. रात्रभर आडवे राहिल्यामुळे चकत्या पाणी शोषून फुगतात. म्हणूनच सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा किंचित जास्त भरते. फुगलेल्या चकतीवर वाकताना अधिक ताण येतो. आपल्या अनेक गावांत व शहरांत नळाला पाणी येते ते नेमके पहाटे. झोपेतून उठून लगेच बादल्या भरून उचलणे कंबरेला जाचक ठरते. शक्य तर बादली जागेवरच ठेवून नळीने पिंपात पाणी भरावे. नाहीतर बादली अर्धीच भरावी. वीस लिटरची भरलेली बादली म्हणजे वीस किलोंचे ओझे असते.

किती ओझे उचलावे?

अमेरिकेतील कामगार आरोग्यविषयक संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेल्या सूत्रानुसार, सर्व परिस्थिती अनुकूल असताना निरोगी कामगारानेही २३ किलोंपेक्षा अधिक उचलू नये. घरगुती वापराच्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो आणि लोखंडी टाकीसह वजन ३० किलोंच्या आसपास जाते. साठीनंतर ती एकट्याने कधीही उचलू नये. आणून देणाऱ्याकडूनच ती स्वयंपाकघरात जागेवर ठेवून घ्यावी आणि खाली चाकांची बैठक वापरावी. धान्याचे पोते घरात आल्याबरोबर पाच-पाच किलोंच्या डब्यांत भरून घ्यावे. रोज लागणाऱ्या जड वस्तू कंबर ते छाती या उंचीच्या फळीवर असाव्यात.

'गुडघे वाकवून उचला' हा उपदेश आपण नेहमी ऐकतो. परंतु ज्यांचे गुडघे झिजलेले आहेत, त्यांनी तो पाळायचा कसा? अशांनी हलकी वस्तू उचलताना एका हाताने टेबलाचा आधार घ्यावा, एक पाय मागे उचलावा आणि पाठ सरळ ठेवून खुब्यातून पुढे झुकावे. जड वस्तू जमिनीवर ठेवूच नये, हा त्याहून चांगला उपाय. उचलण्याची पद्धत केवळ शिकवल्याने कंबरदुखी टळत नाही, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणात दिसून आले आहे. ओझेच कमी करावे लागते. कंबरपट्ट्याचेही तसेच आहे. पट्टा बांधला म्हणून अधिक वजन उचलता येते, या भ्रमात राहू नये.

अंथरुणावरील रुग्णाला हलवताना

माणसाला उचलणे हे पोते उचलण्याहून अवघड आहे; माणूस घसरतो, घाबरतो, आधारासाठी ओढतो. म्हणून नियम असा, की उचलण्यापेक्षा सरकवावे आणि सरकवण्यापेक्षा वळवावे.

*पलंगाची उंची :* पलंग शुश्रूषा करणाऱ्याच्या कंबरेइतका उंच असेल तर काम करताना वाकावे लागत नाही. पायांखाली पक्के, न हलणारे ठोकळे बसवून उंची वाढवता येते. मात्र रुग्ण स्वतः उठत असेल, तर त्याचे पाय जमिनीला टेकतील इतकीच उंची ठेवावी. पलंग बुटकाच असेल, तर एक गुडघा गादीवर टेकवून काम करावे.

*कुशीवर वळवणे :* रुग्णाला ज्या बाजूला वळवायचे, त्या बाजूला उभे राहावे. त्याचा पलीकडचा गुडघा उभा करावा, पलीकडचा हात छातीवर आणावा. मग एक हात त्याच्या पलीकडच्या खांद्यावर व दुसरा खुब्यावर ठेवून आपल्याकडे वळवावे. जोर हातांचा नव्हे, तर आपले वजन पुढच्या पायावरून मागच्या पायावर घेण्याचा असावा.

*वर सरकवणे :* रुग्णाच्या खांद्यांपासून मांड्यांपर्यंत एक दुमडलेली जाड चादर आडवी घालून ठेवावी. दोन्ही बाजूंना दोघांनी उभे राहून चादरीचे काठ रुग्णाच्या अंगापर्यंत गुंडाळून घट्ट धरावेत आणि 'एक, दोन, तीन' म्हणत एकाच वेळी सरकवावे. काखेत हात घालून कधीही ओढू नये. पक्षाघाताच्या रुग्णाचा लुळा खांदा त्यामुळे निसटू शकतो.

*खुर्चीत बसवणे :* खुर्ची रुग्णाच्या बऱ्या बाजूला, पलंगाला लागून ठेवावी. चाकांची असल्यास चाके अडकवावीत. रुग्णाला काठावर बसवून पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायला लावावीत आणि पुढे झुकू द्यावे. झुकल्याशिवाय कोणालाच उठता येत नाही. त्याच्या कंबरेला रुंद, मजबूत सुती पट्टा बांधून तो धरावा. रुग्णाचे हात आपल्या गळ्यात घेऊ नयेत.

*रुग्ण पडल्यास :* घाईने उचलू नये. खुब्यात तीव्र वेदना असेल, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, डोक्याला मार असेल, तर हलवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. इजा नसेल, तर त्याला कुशीवर, मग गुडघ्यांवर येऊ द्यावे आणि समोर भक्कम खुर्ची ठेवून तिच्या आधाराने उठू द्यावे.

कंबर दुखू लागल्यास

साधी उसण बहुधा काही आठवड्यांत बरी होते. आठ-आठ दिवस पडून राहण्याची जुनी पद्धत आता हितावह मानली जात नाही. एखादा दिवस विश्रांती घेऊन, झेपेल तितके चालणे-फिरणे चालू ठेवावे. शेकाने आराम पडतो. वेदनाशामक गोळ्या मात्र मनाने घेऊ नयेत. मूत्रपिंडाचा विकार, रक्तदाब, जठरव्रण किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर त्या घातक ठरू शकतात.

पुढील लक्षणे दिसल्यास मात्र थांबू नये : लघवी अडणे किंवा तिच्यावरचा ताबा सुटणे, शौचावरील ताबा जाणे, मांड्यांच्या आतील व बैठकीच्या भागात बधिरपणा, पायातील शक्ती कमी होत जाणे. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. विलंबाने कायमचे अपंगत्व येऊ शकते. ताप, विनाकारण वजन घटणे, पूर्वी झालेला कर्करोग, रात्री झोपेतही न थांबणारी वेदना, यांतही तपासणी लांबवू नये.

वृद्ध स्त्रियांसाठी आणखी एक सूचना. हाडे ठिसूळ झालेली असतील, तर कळशी उचलण्याच्या निमित्तानेही मणका दबून मोडू शकतो. पाठीत अचानक कळ येऊन ती टिकून राहिली, उंची कमी झाली किंवा पाठीला बाक आला, तर ती 'वयाची कंबरदुखी' समजून सोडून देऊ नये. हाडांची घनता तपासून घ्यावी. यावर उपचार उपलब्ध आहेत.

आरंभी उल्लेखिलेल्या बाईंची कंबर पाच आठवड्यांत सुधारली. त्यांच्या घरी पलंग उंच केला, आडवी चादर आली आणि सकाळच्या वेळी एक मदतनीस येऊ लागली. मदतनीस ठेवण्यास बाईंचा विरोध होता. यजमानांचे आपण केले नाही, तर लोक काय म्हणतील, अशी त्यांची भीती होती. परंतु सर्वांत मोठा बदल यजमानांनी केला. त्यांचा डावा पाय चांगला होता. दीड वर्षात कोणी त्यांना त्याचा उपयोग करायला सांगितलेच नव्हते. आता 'तीन' म्हणताच ते डावी टाच गादीत रोवून स्वतःला वर ढकलतात. बाई म्हणाल्या, "निम्मं ओझं तर त्यांनीच उचललं."

आपल्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेले असेल, तर आज दोन गोष्टी पाहाव्यात : रुग्ण स्वतः काय करू शकतो, आणि त्याला उचलणाऱ्याच्या मदतीला दुसरे कोण येऊ शकते.