कथानायिकेची जबानी

नेरूळ येथील एका विहारात यंदाच्या वर्षावासात दर रविवारी वंदनेनंतर ग्रंथवाचन होत असे. अशाच एका रविवारी महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने उर्मिला पवार यांची ‘कवच’ ही कथा वाचावयास घेतली. कथा निम्मी झाली नसेल तोच एका वयोवृद्ध गृहस्थांनी तिला थांबविले. “बाळ, आपल्या घरच्या मुलींनी असले वाचू नये. आपण आता बौद्ध आहोत. नायिका कशी, चार लोकांनी हात जोडावेत अशी हवी,” असे ते म्हणाले. मुलीने पुस्तक मिटले. मी तेथे हजर होते आणि गप्प राहिले. जिचा धंदाच बोलण्याचा, तिने त्या वेळी मौन धरावे हे मला अद्याप सलते आहे, म्हणून हे चार शब्द.

त्या कथेत असे आहे तरी काय? कोकणातील इंदिरा ही बाई आंबे विकून संसार चालविते. तिचा मुलगा गौऱ्या शाळेत जातो. भर वर्गात मास्तर आंब्यांच्या नावावरून द्व्यर्थी विनोद करतात, मुले हसतात, आणि आपल्या आईला बाजारात रोज काय ऐकावे लागत असेल हे त्या कोवळ्या पोराच्या ध्यानी येते. आईने विकावयास जाऊ नये, असे त्याला वाटू लागते. ती तरीही जाते. अचकट विचकट बोलणाऱ्या गिऱ्हाइकांना ती त्यांच्याच भाषेत असे उत्तर देते की त्यांची तोंडे बंद होतात. पोराला वाटत होते, आईचे रक्षण आपण केले पाहिजे; प्रत्यक्षात तिची जीभ हेच तिचे कवच होते. गृहस्थांनी वाचन थांबविले ते नेमके अर्ध्यावर, म्हणजे अपमान ऐकून झाला होता आणि उत्तर यावयाचे होते!

आता प्रश्न असा, की नायिका आपणांस प्रिय होते ती कशामुळे? रूपामुळे, असे लेखकांचे एक जुने गृहीत आहे. दुःखामुळे, असे दुसरे. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’ मधील यमूचे उदाहरण घ्या. १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात ती कादंबरी क्रमशः येऊ लागली. बालविधवा यमूचे बळजबरीने केलेले केशवपन वाचून वाचकांच्या चार पिढ्या रडल्या. आमच्या समाजात पाट लावण्याची चाल होती. विधवेचे केशवपन आमच्या आज्यापणज्यांच्या वाट्याचे दुःख नव्हे. तरीही मी महाविद्यालयात असताना ते पुस्तक वाचून रडले. कारण आपट्यांनी, पुरुष असूनही, सारी हकीकत यमूच्याच तोंडून, तिच्या घरगुती बोलीत वदविली आहे. कोर्टात आम्ही ज्याला जबानी म्हणतो ती तिने स्वतः दिली आहे. जातीचे अंतर त्या आवाजाने तोडले. तथापि यमू अखेर मरते, आणि मेलेल्या नायिकेविषयी हळहळणे वाचकाला फार सोपे जाते, हेही नमूद करणे भाग आहे.

याच्या उलट एक प्रकरण कायद्याच्या पुस्तकांत नोंदलेले आहे. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची ‘शामा’ ही कथा प्रसिद्ध झाली. अश्लीलतेचा खटला झाला. मॅजिस्ट्रेटने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाने दोषी ठरविले आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने लेखकाची मुक्तता केली. निकाल योग्यच होता. परंतु तो वाचताना मला एक गोष्ट खटकली. कथेला नाव शामेचे, आणि वृत्तांत मात्र निशिकांत नावाच्या कवीचा व त्याच्या प्रेमप्रकरणांचा. तीन न्यायालयांत वाद झाला तो तिचे वर्णन शिष्टसंमत आहे की नाही, एवढ्याचाच. कायद्याला त्याहून अधिक विचारण्याचे कारणही नव्हते. वाचकाला मात्र आहे: या बाईला स्वतःला काय हवे होते?

आमच्या स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न फारच थोड्यांनी विचारला. पांढरपेशा साहित्यात त्या आल्या तर झाडणारी, धुणेभांडी करणारी किंवा कोणाच्या तरी वासनेची बळी म्हणून. अण्णा भाऊ साठे यांनी ‘वैजयंता’ मध्ये तमाशातील स्त्रीला कादंबरीच्या मध्यभागी बसविले. बाबूराव बागूल यांच्या ‘सूड’ मधील जानकी तर आपल्या स्त्रीदेहावरच सूड घ्यावयास निघते. ही नायिका सोसावयास कठीण आहे, प्रिय वाटणे दूरच. पण एकदा वाचल्यावर ती पाठ सोडीत नाही.

म्हणून त्या गृहस्थांची भीती मला समजते. शतकानुशतके ज्यांच्या बायकांविषयी वाटेल ते बोलले गेले, त्यांना आपल्या कथेतील बाई निष्कलंक असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सुशिक्षित, शुभ्रवस्त्रा, कधीही आवाज न चढविणारी अशी पुतळी उभी केल्यास ती भिंतीवर शोभेल. तिच्याशी कोणी बोलणार नाही. थेरीगाथेतील पुण्णिका ही पाणी भरणारी दासी होती. थंडीत कुडकुडत पाप धुणाऱ्या ब्राह्मणाला तिने बजावले की स्नानाने मुक्ती असती तर बेडूक आणि कासवेही स्वर्गाला गेली असती. तिची भाषा मवाळ होती काय?

माझ्याकडे येणाऱ्या स्त्रिया, कोणी तुर्भ्याच्या बाजारात माल उचलणाऱ्या, कोणी वाशीच्या कचेऱ्यांत काम करणाऱ्या, नवऱ्याविरुद्ध वा मालकाविरुद्ध तक्रार सांगताना नेमक्या त्या एका वाक्यापाशी अडतात. “तो काय बोलला ते तोंडाने सांगवत नाही, बाई.” आणि ते वाक्य कागदावर आल्यावाचून माझे काम पुढे सरकत नाही. इंदिरेची कथा त्यांच्यापैकी एखादीने आधी ऐकलेली असती तर, असे मला पुष्कळदा वाटते.

त्या मुलीकडून मी पुस्तक मागून घेतले आहे. येत्या रविवारी कथा मी स्वतः वाचणार, पहिल्यापासून. गृहस्थांना घरी जाऊन तसे कळविले. ते म्हणाले, “येईन, पण शेवटपर्यंत बसेन असे वचन देत नाही.” त्यांच्या सूनबाई आतून म्हणाल्या, “मी बसते.”