विमानाचे इंधन आणि आपल्या फडातले पाचट



गट ऑफिसवर सध्या एकच विषय ऐकू येतो : "आता आपल्या उसावर विमानं उडणार म्हणे!" बातमी खोटी नाही. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या प्रवासी विमानात मळीपासून केलेल्या इंधनाचे थोडे मिश्रण होते. पुण्याच्याच प्राज कंपनीने ते तयार केले होते. अल्कोहोलमधला प्राणवायू पाण्याच्या रूपाने काढून उरलेले रेणू जोडत गेले, की रॉकेलच्या जातीचे इंधन होते. अशा एका लिटरला सुमारे पावणेदोन लिटर इथेनॉल लागते.

मोटारी विजेवर चालतील, पण लांब पल्ल्याच्या विमानाला बॅटरीचे ओझे झेपत नाही. म्हणून केंद्र सरकारने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ साली १, २०२८ साली २ आणि २०३० साली ५ टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठरविले आहे.

म्हणून आणखी ऊस लावा, असे आम्ही म्हणणार नाही. विहिरींचे पाणी वाढलेले नाही. धोरणाचाही भरवसा धरता येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले, ते ऑगस्ट २०२४ मध्ये उठले. युरोपने तर खाद्यपिकांपासून केलेले विमान-इंधन आपल्या सक्तीच्या हिशेबात धरायचेच नाही, असे ठरविले आहे. तेव्हा आहे तोच ऊस, कमी पाण्यात आणि जास्त टनेजने, हे आमचे मत.

खरी गोष्ट पुढेच आहे. हे इंधन घेणारा, ऊस कसा पिकवला हे विचारणार. विमानात जळताना निघणारा कर्बवायू उसाने हवेतूनच घेतलेला असतो. उरतो तो युरियाचा, डिझेलचा, पंपाच्या विजेचा आणि कारखान्यातल्या प्रक्रियेचा हिशेब. जास्तीच्या युरियातून जो नायट्रस ऑक्साइड सुटतो, तो हवा तापविण्यात कर्बवायूच्या अडीचशे पटींहून भारी. म्हणजे परीक्षा निम्मी तरी आपल्या बांधावर आहे.

आणि आपण करतो काय? तोडणी झाली की काडी लावतो! एकरी तीन-चार टन पाचट एका संध्याकाळी धुरात जाते, त्यातला नत्र जातो, वरच्या थरातले जिवाणूही होरपळतात. मग आपणच सोसायटीचे कर्ज काढून युरियाची पोती आणतो.

"पाचट ठेवलं तर उंदीर होतात, पाणी पुढं सरकत नाही," असे सभासद सांगतात. अडचण खरी आहे, पण तिला वाट आहे. पाचट एक आड एक सरीत दाबावे, पाणी मोकळ्या सरीतून द्यावे. बुडखे जमिनीलगत छाटावेत. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकावेत. उंदरांवर सुरुवातीपासून नजर ठेवावी. ओल टिकते, तण कमी येते, खोडवा तगतो. विमान उडो न उडो, हा फायदा आपल्याच पदरात पडतो.

मात्र सारा भार शेतकऱ्यावरच टाकणे आम्हाला मान्य नाही. टोळ्यांना पाला पेटवायची मुभा कारखान्याने देऊ नये, जिवाणू खत वेळेवर गटात पोचवावे. उद्या या इंधनाला जादा दर मिळालाच, तर फड न पेटवणाऱ्या सभासदाला त्यातला वाटा किती, हे कर्ज काढून प्लँट उभारण्याआधी वार्षिक सभेत ठरावे. नंतर विचारून उपयोग नाही.

तोवर एवढे करा : यंदा निदान एक एकर खोडवा न पेटवता ठेवा, आणि खताची, पाण्याची नोंद वहीत लिहा. उद्या कोणी पुरावा मागितला, तर आपली वहीच बोलेल.