भवाळकरांचा लेसर आणि आपले खाचर



खाचरात पाणी सोडले की उंचवटा उघडा राहून तिथे तण माजते, अन् खोलगटात रोपे बुडतात. माणची बरीच जमीन आयटी पार्कात गेली. उरलेल्या खाचराचा कोपरान् कोपरा पिकला पाहिजे, म्हणून आज लेसरविषयी.

दिव्याचा उजेड जत्रेतल्या गर्दीसारखा पांगतो. लेसरचा टाळावर पावले टाकणाऱ्या दिंडीसारखा एका रेषेत जातो. पहिला लेसर १९६० साली अमेरिकेत झाला. आपल्याकडे या कामाचा पाया घालणाऱ्यांत डॉ. दिलीप भवाळकर हे नाव मोठे. जन्म १९४० चा, मध्य प्रदेशातल्या सागरचा. इंग्लंडात साउदॅम्प्टनला लेसरवर संशोधन करून ते परतले, भाभा अणुसंशोधन केंद्रात लागले आणि पुढे इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राचे संस्थापक संचालक झाले. कारखान्यांना अन् दवाखान्यांना लागणारे लेसर तिथे देशातच घडू लागले.

लेसर लेव्हलर काही त्यांनी काढलेला नव्हे, पण प्रकाश तोच. बांधावरच्या तिवईवरून किरण गोल फिरतो. ट्रॅक्टरमागच्या फाळक्यावरचा डोळा तो टिपतो आणि फाळके आपोआप वर-खाली होते.

मात्र डोंगरउताराच्या चिंचोळ्या खाचरात ट्रॅक्टर वळणारच नाही. तिथे गवंड्याची पाण्याची नळी बरी! सपाटीवरच्या चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून यंत्र भाड्याने आणावे. आधी कुदळीने खोली पाहा. मुरूम वर असेल तर जास्त खरवडू नका. वरची काळी माती गेली तर सपाट शेतही पिकणार नाही.